कंबोडियात व्हॉलंटियर म्हणून शिकवतेय, शाळेतल्या मुलांना अंगकोर वाटला सहलीला न्यायचंय, कसं जमवू?

फिरस्ती२४:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक होणारे, आधीच सांगून ठेवते.

मी सध्या कंबोडियात काम्पाँग थॉम प्रांतातल्या एका गावात सरकारी शाळेत सातवी-आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवतेय, व्हॉलंटियर म्हणून, म्हणजे पगार नाही, राहण्याजेवण्याचं एक छोटी स्थानिक संस्था बघते. शाळा दोन पाळ्यांत भरते, माझी सकाळची पाळी. वर्गात इथले एक सर सोबत असतातच, त्यांचं व्याकरण माझ्यापेक्षा पक्कं आहे पण बोलायला लाजतात, मग बोलणं मी घेते आणि लिहिणं ते. बरं चाललंय. पोरं दोन्ही हात जोडून सांपेआ करून आत येतात आणि पाचव्या मिनिटाला अर्ध्यांचं लक्ष खिडकीबाहेर.

तर झालं असं की एका धड्यासाठी फळ्यावर देशाचा झेंडा काढायला लावला. झेंड्याच्या मधोमध अंगकोर वाट आहे, पोरांनी तीन शिखरं झटक्यात काढली. मी सहज विचारलं की प्रत्यक्ष कोणी कोणी बघितलंय, तर अख्ख्या वर्गात मोजके हात वर. आणि हे सगळं इथून महामार्ग ६ ने जेमतेम दीडशे किलोमीटरवर! जगभरातून लोक विमानं पकडून येतात आणि ज्यांचं आहे त्यांनीच बघितलेलं नाही, हे काही मला पचेना.

म्हणून डोक्यात सहल शिजतेय. मुलांना अजून काही बोललेले नाही. प्लॅन असा की मध्यरात्री बसने निघायचं, अंगकोर वाटचा सूर्योदय गाठायचा, मग बायोन, मग ता प्रोम (झाडांच्या मुळांनी वेढलेलं ते), मग जमलं तर एखादं म्युझियम आणि रात्री परत. पैसे मी माझ्या ओळखीतल्या लोकांकडून ऑनलाइन गोळा करेन, त्याची काळजी नाही.

विचारायचंय ते हे: परवानग्या कुणाच्या लागतात, तिकिटं किती, एका दिवसात हे सगळं बसतं का, आणि तेरा-चौदा वर्षांची पन्नासेक मुलं परक्या देशात सांभाळायची म्हणजे नेमकं काय काय बघावं लागतं? शाळेत असताना सहलीला गेलेय तेवढाच माझा अनुभव, तोही मागच्या सीटवर बसून गाणी म्हणायचा.

मेकाँगकाठी:

नोकरीनिमित्त नॉम पेन्हला राहतो, सिएम रीपला, म्हणजे अंगकोरजवळच्या शहरात, येणंजाणं असतं, त्यामुळे वरच्यावरची माहिती देतो.

आधी आनंदाची बातमी. कंबोडियन नागरिकांना अंगकोरला प्रवेश फुकट आहे, म्हणजे मुलांचं आणि तिथल्या शिक्षकांचं तिकीट शून्य. तिकीट फक्त तुमचं. परदेशी माणसाला एका दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२ आणि सात दिवसांचा ७२, त्यातले २ डॉलर कान्था बोफा या मुलांच्या हॉस्पिटलला जातात, तिथे लहान मुलांवर मोफत उपचार होतात. त्यांचंच एक हॉस्पिटल सिएम रीपमध्ये आहे, सहलीच्या कागदावर त्याचा नंबर लिहून ठेवा. पास देवळाच्या दारात मिळत नाही, शहराच्या बाजूला वेगळं तिकीट ऑफिस आहे, तिथे फोटो काढतात. त्यामुळे ऑनलाइन काढून ठेवा, नाहीतर पन्नास मुलं बसमध्ये तुमच्या एका तिकिटासाठी खोळंबतील.

आता वाईट बातमी. सूर्योदय विसरा. तिथे उजाडायच्या आधी पोचायचं तर तुमच्या गावातून रात्री दीड-दोनला निघावं लागेल, म्हणजे मुलं रात्रभर जागी, आणि पोचल्यावर काय तर तळ्याकाठी हजार माणसं मोबाईल वर करून उभी. मुलांना त्यात काहीही दिसणार नाही. पहाटे पाच-साडेपाचला निघा, साडेआठपर्यंत पोचाल, तोवर सूर्योदयवाले नाश्त्याला गेलेले असतात आणि मंदिर त्यातल्या त्यात मोकळं असतं.

तीन देवळंही एका दिवसात नको. अंगकोर वाट नीट बघायला तीन तास जातात. त्यातही सगळ्यात वरचा मजला, बाकान म्हणतात त्याला, तिथे बारा वर्षांखालच्या मुलांना सोडत नाहीत, खांदे-गुडघे झाकलेले नसतील तर मोठ्यांनाही नाही, आणि बौद्ध पवित्र दिवशी तो मजला बंदच असतो. तुमची मुलं तेराची असली तरी एखादं बाराच्या आतलं निघालं तर ते बिचारं खाली एकटं बसेल, त्यामुळे वर जायचं की नाही ते आधीच ठरवा. बायोन अंगकोर थॉम या जुन्या तटबंदीच्या शहराच्या आत आहे आणि त्या तटाचा दक्षिण दरवाजा इतका अरुंद आहे की मोठी बस आत जातच नाही. मोठी बस एक करण्यापेक्षा लहान मिनीबस दोन-तीन केलेल्या बऱ्या.

आणखी एक, तुम्ही न विचारलेलं. तुमचा व्हिसा कुठला आहे? टुरिस्ट म्हणजे टी व्हिसावर शिकवत असाल तर ते कागदोपत्री बसत नाही. लांब राहून काम करायचं तर ई वर्गाचा व्हिसा घेऊन तो वाढवतात, आणि इथल्या कायद्यात बिनपगारी कामालाही वर्क परमिट लागतं. रोज कोणी तपासत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण मुलांना जिल्ह्याबाहेर घेऊन जाताना काही झालं आणि पोलीस आले तर पहिला प्रश्न तुमच्या कागदांवर येणार. संस्थेला आजच विचारा.

फिरस्ती२४:

बापरे, खूप उपयोगी. व्हिसा ई आहे, परमिटचं संस्थेने ‘चालू आहे’ असं सांगितलंय, उद्या परत विचारते. सूर्योदय रद्द. वाईट वाटलं पण रद्द.

खडूफळा:

मी हायस्कूलला आहे, दरवर्षी सहल माझ्याच गळ्यात पडते, त्यामुळे देश कुठलाही असो, मुलं हरवतात कशी ते मला ठाऊक आहे. कंबोडियाला मी गेलेले नाही तेव्हा तिथलं मेकाँगकाठी सांगतीलच.

पहिलं म्हणजे मोजणी. मोजणी गेटवर करायची नाही, मुलं हलत असतात, एक पुढे एक मागे, आकडा हमखास चुकतो. बसमध्ये सगळे आपापल्या सीटवर बसल्यावर मोजायची आणि ती दोन माणसांनी वेगवेगळी मोजायची, दोन आकडे जुळल्याशिवाय ड्रायव्हरला ‘चला’ म्हणायचं नाही. जोड्या लावून द्या, प्रत्येकाला आपला जोडीदार कुठेय ते सांगता आलं पाहिजे. दहा मुलांमागे एक मोठं माणूस, आणि ते माणूस त्याच दहा जणांचं, दिवसभर बदलायचं नाही. मुलींसोबत बाई हवीच, तिथली, भाषा येणारी. मुलीला मध्येच पाळी आली तर ती तुम्हाला इंग्रजीत सांगत बसणार आहे का? ती गप्प बसून राहील.

दुसरं, पालकांची लेखी परवानगी तिथल्या भाषेत, आणि त्यात वेळ, गाडी, सोबत कोण, संपर्क कोणाशी हे सगळं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरी शाळेतल्या कुणीतरी जाऊन समजावून सांगायचं. प्रत्येक मुलाच्या खिशात शाळेचा नंबर असलेली चिठ्ठी. औषध चालू असलेल्या मुलांची वेगळी यादी.

तिसरं सगळे विसरतात ते, उलट्या. गावातल्या मुलांना बंद एसी गाडीची सवय नसते, पहिल्या तासाभरात एकाला लागलं की वासाने पाठोपाठ सात-आठ. पिशव्या भरपूर घ्या, पुढच्या सीटा रिकाम्या ठेवा, निघताना पोटभर खाऊ घालू नका. आणि कितीही स्वस्त पडलं तरी उघड्या ट्रकमध्ये मुलं बसवायची नाहीत, कुणीही ‘इथे असंच चालतं’ म्हणालं तरी नाही.

मेकाँगकाठी:

शेवटच्या वाक्याला दहा लाइक्स. इथे कारखान्यातले कामगारसुद्धा उघड्या ट्रकमधून उभ्याने जाताना रोज दिसतात, त्यामुळे गावात कुणाला त्यात वावगं वाटणार नाही, तुम्हालाच अडून बसावं लागेल.

खडूफळा मॅडमच्या यादीत इथली भर घालतो. ता प्रोमला गाड्या बऱ्याचदा एका दाराशी सोडतात आणि दुसऱ्या दाराशी उचलतात, मधे पडक्या भिंतींचा गुंता, तिथे ‘हरवलास तर सुरुवातीला ये’ म्हणून उपयोग नाही. अंगकोर वाट चारी बाजूंनी सारखंच दिसतं, गॅलरीत फिरताना मोठ्यांनाही दिशा कळत नाही. ते पश्चिमेकडे तोंड करून आहे, तेव्हा पश्चिमेचं मुख्य दार हेच सगळ्यांचं भेटायचं ठिकाण ठरवा. खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद आहे आणि पाणी बघून मुलांचे पाय शिवशिवतात, ते आधीच बजावा. आणि माकडं! हातात खाऊ दिसला की अंगावर येतात, चावतात. माकड किंवा कुत्रं चावलं तर जखम पंधरा मिनिटं साबणाच्या वाहत्या पाण्याखाली धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस, ‘घरी गेल्यावर बघू’ नाही.

तारखेचं म्हणाल तर डिसेंबर-जानेवारी सगळ्यात सुसह्य. एप्रिलचा विचारही करू नका, दगड तापलेले असतात, शिवाय मध्यात ख्मेर नववर्ष, अख्खा देश रस्त्यावर. पावसाळा मे ते ऑक्टोबर. आणि २०२५ मध्ये थायलंडच्या सीमेवर चकमकी झाल्या, सिएम रीप शहर सीमेपासून लांब आहे तरी सहलीच्या आठवड्यात बातम्या बघून, शिक्षण खात्याचं काय म्हणणं आहे ते शाळेकडून कळवून घेऊनच निघा.

उलटसुलट:

सगळे बस आणि उलट्यांवर बोलताहेत म्हणून मी जरा वाईटपणा घेतो.

ताई, तुमच्या पोस्टमध्ये ‘मी नेणार’, ‘मी गोळा करणार’, ‘माझा प्लॅन’ असं कितीदा आलंय बघा. शाळेला मुख्याध्यापक आहेत, तुम्हीच म्हणता वर्गात एक सर आहेत, मुलांना आईबाप आहेत. त्यांच्यातलं एकही माणूस पोस्टमध्ये काही बोलत नाही. तुम्ही काही महिन्यांनी निघून जाल, पुढच्या वर्षीची सातवी विचारेल आमची सहल कुठाय, तेव्हा उत्तर त्या सरांना द्यायचंय. आणि तुमच्याच दोन वर्गांना नेलं तर नववीने काय पाप केलंय?

कंबोडियाच्या बाबतीत मी जास्त चिडून बोलतो त्याला कारण आहे. या देशाने हौशी व्हॉलंटियर लोकांचे परिणाम भोगलेत. पर्यटक अनाथाश्रम बघायला यायला लागले, पैसे द्यायला लागले, तसे अनाथाश्रमच वाढत गेले, आणि आतल्या मुलांची माहिती काढली तेव्हा बहुतेकांचे आई किंवा वडील किंवा दोघंही जिवंत निघाले. गरीब घरातून मुलं उचलून आणली जात होती कारण गोऱ्या पाहुण्याला दाखवायला मूल लागायचं. फ्रेंड्स इंटरनॅशनल नावाच्या संस्थेने २०११ च्या सुमारास मोहीमच काढली होती की मुलं म्हणजे पर्यटनस्थळं नाहीत. तुम्ही शाळेत आहात, अनाथाश्रमात नाही, हे मान्य. पण पैसे गोळा करायचे म्हटलं की पोस्ट टाकावी लागते, पोस्टला फोटो लागतो, फोटोत मूल लागतं, आणि ते जितकं केविलवाणं दिसेल तितके पैसे लवकर जमतात. यातून कसं वाचणार ते आधी सांगा.

फिरस्ती२४:

उलटसुलट, लागलं, पण ठीक आहे. मुख्याध्यापकांशी बोलणार होतेच, आधी माहिती काढून मग जावं असं वाटलं, रिकाम्या हाताने ‘सहल काढूया’ म्हणून काय जायचं. मुलांचे चेहरे टाकून पैसे मागायचा विचार नव्हता. पण पैसे मग आणायचे कुठून? इथे पालक शेतमजूर आहेत, बऱ्याच घरांतली मोठी भावंडं थायलंडला नाहीतर नॉम पेन्हच्या गारमेंट कारखान्यात. त्यांच्याकडून वर्गणी कशी मागू?

उलटसुलट:

तुम्ही मागायचीच नाही. शाळा काय ते ठरवेल. गावातल्या पॅगोडाचे भिक्षू, गावप्रमुख, पालक, सगळे मिळून पैसे उभे करायची रीत तिथे आपल्यापेक्षा मजबूत आहे. कमी पडेल ते तुम्ही शाळेच्या नावाने द्या, पावती घ्या, विषय संपला. कुणी दोन हजार रियल दिले तरी घ्यावेत, म्हणजे अर्धा डॉलर, पण त्या घराची सहल झाली ना ती.

पाटीपेन्सिल:

उशिरा आले. मी बट्टम्बाँगकडे एका शाळेत बरेच दिवस शिकवलंय, तेव्हा अशाच एका अंगकोर सहलीत होते. होते म्हणजे शेवटच्या सीटवर, पिशव्या वाटायला. सहल तिथल्या शिक्षकांनी काढली होती.

वरच्या सगळ्यांचं पटतंय पण तू (तू म्हणते हं, वयाने मोठी असणारच मी) तिथे इंग्रजीची बाई म्हणून आहेस, तर सहलीत तुझं काम काय यावर कुणी बोललंच नाही. माझं मत विचारशील तर तू पर्यटक व्हायचंस आणि मुलं तुझी गाईड. खरं सांगते, याहून चांगला इंग्रजीचा तास तुला मिळणार नाही. निघायच्या आधी दोन-तीन आठवडे गटागटाने एकेक जागा वाटून दे. एका गटाला समुद्रमंथनाचं शिल्प, पूर्वेच्या गॅलरीत आहे, जवळजवळ ४९ मीटर लांब, एका बाजूला देव दुसऱ्या बाजूला असुर वासुकीला धरून ओढताहेत. एका गटाला पश्चिमेकडची लंकेची लढाई, एकाला कुरुक्षेत्र. बायोनला जाणार असाल तर तिथल्या भिंतींवर बाजार, मासेमारी, कोंबड्यांची झुंज, रोजचं आयुष्य कोरलंय, ते सगळ्यात खोडकर गटाला दे. माहिती त्यांनी ख्मेरमध्ये घरच्या आजीकडून, सरांकडून, पॅगोडातून काढायची, इंग्रजीत चार वाक्यं बसवायची, आणि तिथे उभं राहून तुला सांगायची. तुला खरंच माहीत नसलेलं विचारायचं, परीक्षेसारखं नाही. आमच्याकडे एक मुलगा वर्गात तोंड उघडत नसे, त्याने हनुमानाबद्दल इतकं सांगितलं की शेवटी इंग्रजी संपलं आणि हातवारे सुरू झाले.

आणि आपल्याकडच्या माणसाला सांगायलाच हवं असं एक. तिथे उभं राहून ‘हे सगळं आमच्याकडून आलं बरं का’ हे भाषण करायचं नाही. आपल्याला ते फार सुचतं, देऊळ विष्णूचं, भिंतीवर महाभारत, छाती फुगतेच. पण ते सूर्यवर्मन दुसऱ्याने बाराव्या शतकात बांधलं, ख्मेर कारागिरांनी दगड घासले, पुढे ते बौद्ध झालं आणि आजही तिथे भिक्षू आहेत, लोक उदबत्ती लावतात. मुलांना रामायण त्यांच्या रीमकेरमधून माहीत असतं आणि ते त्यांचं असतं. आपला ब्रह्मचारी मारुती त्यात सोवन्न मच्छा नावाच्या जलपरीच्या प्रेमात पडतो, चांगला रंगून नाच असतो त्याचा. मूल ते सांगायला लागलं की ‘नाही नाही, खरी गोष्ट अशी आहे’ म्हणून तोडायचं नाही. ऐकायचं.

ढोलताशा:

हे मात्र अजिबात पटलं नाही. दोन देशांचा जुना संबंध आहे तो सांगण्यात लाज कसली? भारताच्या पुरातत्त्व खात्याने अंगकोर वाटच्या डागडुजीचं काम केलंय, १९८६ ते १९९३, तेव्हा तिथे यायला कोणी धजत नव्हतं. ता प्रोमवरही आपल्याच लोकांनी वर्षानुवर्षं काम केलंय. मुलांना कळायला नको?

पाटीपेन्सिल:

कळू दे की, ढोलताशा. पुरातत्त्व खात्याचं काम सांगायला कोणाची ना आहे, ता प्रोमला तसा फलकच आहे. मी म्हणतेय ती वेळ आणि तोंड. जे मूल आयुष्यात पहिल्यांदा आपल्या झेंड्यावरचं देऊळ समोर बघतंय त्याला त्या मिनिटाला परक्या बाईने ‘मूळ आमचं’ असं सांगणं मला बरं दिसत नाही. त्याने विचारलं तर सांग ना भरभरून.

फिरस्ती, बारीकसारीक अजून. मुलाच्या डोक्यावर कौतुकाने हात ठेवायची आपली सवय तिथे आवर, डोकं पवित्र मानतात, परक्याने हात लावलेला आवडत नाही. पाय पसरून मूर्तीकडे तळवे करून बसायचं नाही. भिक्षूंना बायकांनी स्पर्श करायचा नाही, काही द्यायचं तर खाली ठेवायचं किंवा पुरुषाच्या हातून.

आणि वयस्कर शिक्षकांसोबत प्रवासात जुन्या दिवसांचा विषय निघाला तर तू काढू नकोस, त्यांनी काढला तर ऐक. १९७५ ते १९७९, ख्मेर रूजच्या म्हणजे पोल पॉटच्या राजवटीच्या त्या चार वर्षांत शाळाच बंद होत्या, शिकलेलं असणं हाच गुन्हा होता, किती शिक्षक मारले गेले. नंतर शाळा उघडल्या तेव्हा ज्याला थोडंफार लिहितावाचता येतं त्याला शिकवायला उभं केलं. काही जण त्यातूनच आलेत. नॉम पेन्हचं तुओल स्लेंग ही आधी शाळाच होती, तिचा तुरुंग केला. सिएम रीपच्या सहलीत हा भाग नसावा असं मला वाटतं, एका दिवसात दोन्ही झेपत नाही मुलांना.

खरं तर पहिली सहल सिएम रीपला नेऊच नये असंच मी म्हणेन. तुझ्या प्रांतातच सांबोर प्रेई कुक आहे ना! काम्पाँग थॉम शहरापासून तीसेक किलोमीटर. सातव्या शतकातली विटांची मंदिरं, ईशानवर्मनची राजधानी ईशानपूर, अंगकोरच्या कितीतरी आधीची. २०१७ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं. अष्टकोनी देवळं आहेत, एका देवळाला तर झाडाने पूर्ण मिठी मारलीय, ता प्रोम फिकं पडेल, आणि गर्दी नावालाही नाही. अर्ध्या दिवसात जाऊन येता. मोजणी, जोड्या, उलट्या, सगळ्याची तालीम तिथे होते. रान आहे, त्यामुळे आखलेली वाट सोडायची नाही, १९७० च्या दशकातल्या बॉम्बचे खड्डे अजून दिसतात तिथे. सुरुंगाचा इशारा देणारा कवटीचा लाल फलक दिसला की काय करायचं ते मुलांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल, लहानपणापासून शिकवतात.

मेकाँगकाठी:

सांबोर प्रेई कुकचं सुचलंच नव्हतं, एकदम बरोबर. आणि पुढे सिएम रीपला जाल तेव्हा वाटेत काम्पाँग क्देईचा जुना पूल लागतो, स्पेआन प्राप्तोस, जयवर्मन सातव्याच्या काळातला, जांभ्या दगडाचा, दोन्ही बाजूंना नागाचे कठडे. पाच हजार रियलच्या जुन्या नोटेवर त्याचं चित्र आहे, नोट घेऊन जा आणि पुलावर उभं राहून ताडून बघायला लावा. तिकीट नाही, दहा मिनिटांत होतं, आणि तोवर पोटं ढवळलेल्यांना हवा मिळते.

फिरस्ती२४:

अपडेट देते. मुख्याध्यापकांकडे गेले, सोबत आमचे सर आले, निम्मं बोलणं त्यांनीच केलं. मी फक्त म्हटलं की झेंडा काढताना असं असं झालं. मुख्याध्यापक बराच वेळ काही बोललेच नाहीत, मला वाटलं संपलं. मग म्हणाले की शाळेची सहल पूर्वी निघायची, कोविडमध्ये बंद पडली ती पडलीच, परत सुरू करायची तर नववीपासून, कारण ती मुलं या वर्षी परीक्षा देऊन शाळेबाहेर पडतील, काही कामाला लागतील, त्यांना पुन्हा संधी नाही. माझी सातवी-आठवी सांबोर प्रेई कुकला. म्हणजे ज्यांच्यासाठी मी हे सगळं डोक्यात घेतलं तीच अंगकोरला जाणार नाहीत. तासभर फुगून बसले होते, खोटं कशाला बोलू. पण नववीचं कारण पटलं.

नववीला मी शिकवत नाही, तरी गाईडची कल्पना आमच्या सरांना इतकी आवडली की नववीचं इंग्रजी ते स्वतःच त्या पद्धतीने घेणार म्हणताहेत, बोलायला लाजणारे सर! वर्क परमिटचे कागद संस्थेने शेवटी दाखवले, फी भरायची राहिली होती, ती भरली. पैशांचं शाळा समिती बघतेय, मी मिनीबसच्या भाड्यातला काही भाग शाळेच्या खात्यात देणार, पोस्टबिस्ट काही टाकणार नाही.

आता प्रश्न एकच उरलाय. सांबोर प्रेई कुकला जायला गावातला एक जण त्याचा ट्रक फुकट देतोय. समितीतले दोघं म्हणतात तीस-चाळीस किलोमीटर तर जायचंय, काय होतंय. मी नाही म्हटलं तर उपकार नाकारल्यासारखं होतं, तो माणूस एका विद्यार्थिनीचा काका आहे. कसं सांगू?

खडूफळा:

तुम्ही नका सांगू. मुख्याध्यापकांना सांगू द्या, आणि कारण मुलांच्या जिवाचं देण्यापेक्षा कागदाचं द्या, ‘परवानगीच्या अर्जात गाडीचा आणि सीटांचा रकाना आहे, ट्रक लिहिला तर वरून सही होणार नाही’. कागदापुढे कुणाचा अपमान होत नाही.

मेकाँगकाठी:

आणि काकांना ट्रकमधून जेवणाची भांडी, पाण्याचे जार आणायला सांगा. पन्नास मुलांचं पाणी म्हणजे ओझं असतंच, मिनीबसमध्ये ते मावत नाही. काका पण सहलीला येतील, एक मोठं माणूस वाढेल.

फिरस्ती२४:

हे भारीये! आजच सरांना सांगते. पाण्याचं तर कोणी मोजलंच नव्हतं, माणशी किती धरू?

खडूफळा:

अर्ध्या दिवसाला माणशी दीड लिटर, उन्हाचे दिवस असतील तर दोन. बाटल्या मुलांनी घरून आणायच्या, जारमधून भरून द्यायच्या.